माटवीखालचे बालपण

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा शब्दांकित पाठ)



गणेशचतुर्थीचा विषय निघाला की कोकणातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम मूर्ती येत नाही, घर येते. शेणाने सारवलेली ओटी, पागोळ्यांचा आवाज, ओल्या मातीचा आणि नव्या रंगाचा मिसळलेला वास, आणि देवाच्या जागेवर छताला टांगलेली लाकडी चौकट. दक्षिण कोकणात या चौकटीला माटवी म्हणतात. गोव्यात तीच माटोळी होते. तिला रानातील फळे, फुले आणि पाने बांधायची आणि तिच्याखाली गणपती बसवायचा, ही तेथील शेकडो घरांची रीत. सृष्टीने पावसाळ्यात जे जे दिले, ते ते आधी देवाच्या मस्तकावर धरायचे, एवढा साधा भाव तीमागे आहे.

आजचा विषय बालपणाच्या आठवणींचा आहे. परंतु आठवणी सांगताना गोड गोड तेवढेच सांगण्याचा मोह होतो आणि मग सण म्हणजे केवळ हळहळण्याचा विषय बनतो. म्हणून सिंधुदुर्गातील एका घराची आणि त्या घरातील एका मुलाची हकीकत येथे मांडायची आहे. त्या घराचे नाव सांगण्याचे कारण नाही. कोकणातील अनेकांना ते स्वतःचेच घर वाटेल.

हा मुलगा १९७१ चा. घरात आजोबा, आजी, शेती पाहणारे मोठे काका, काकू, चुलत भावंडे आणि आई. वडील मुंबईला गिरणीत. लालबाग-परळच्या गिरणगावात एका खोलीत दहा-बारा जणांनी राहायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला गावी मनिऑर्डर पाठवायची, हा त्या पिढीच्या चाकरमान्यांचा जीवनक्रम होता. मुलाला वडील भेटत ते शिमग्याला आणि गणपतीला. त्यामुळे त्याच्या बालमनात देवाचे येणे आणि वडिलांचे येणे ही एकच घटना होती.

सातव्या वर्षी त्याला पहिले काम मिळाले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोठ्या काकांबरोबर रानात जायचे आणि माटवीचे सामान आणायचे. त्याच्यापेक्षा मोठी भावंडे होती. परंतु आजोबांनी सांगितले, ‘यंदा याला न्या. हा आता मोठा झाला.’ त्या एका वाक्याने मुलगा रात्रभर झोपला नाही.

रानात काका बोलत थोडे आणि दाखवीत अधिक. हे कवंडळ, दिसायला देखणे, चवीला कडू. ही पांढऱ्या पानांची शेरवड. हे कांगणीचे घोस. हा तेरडा, हे हरण. ही ज्वाळेसारखी फुललेली कळलावी. फूल देवाला चालते, कंद मात्र विषारी, त्याला हात लावायचा नाही. हे केवणीचे झाड. याच्या सालीचा दोर निघतो आणि त्यानेच माटवी बांधायची. फांदी तोडताना काका एक नियम कटाक्षाने पाळीत. एका झाडाचे सगळे घोस कधी काढायचे नाहीत. मुलाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘पुढच्या वर्षी गणपती येणार आहे ना?’

वनस्पतिशास्त्राचा याहून उत्तम पाठ कोणत्या शाळेत मिळेल? आणि निसर्गाचे जतन करण्याचा याहून सोपा मंत्र कोणता असेल? पुढच्या वर्षी देव येणार आहे, म्हणून यंदा ओरबाडायचे नाही. पर्यावरण हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता; त्याचा आचार मात्र होता.

त्या घरात सणाला रिकामा हात कोणाचाच नसे. मूर्तिकाराच्या शाळेत पाट पोहोचवायचा मान आजोबांचा. मूर्तीमागची भिंत रंगविण्याचे काम थोरल्या चुलतभावाचे. करंज्यांचे सारण आजीच्या हातचे, लाटणे काकूंचे, कातणे मुलींचे. मूर्ती डोक्यावर घेऊन मेरांवरून घरी आणायची ती मोठ्या काकांनी. पुढे घंटा वाजवीत चालायचे ते घरातील सर्वांत लहान मुलाने. आरतीनंतर गाऱ्हाणे घालायचे ते आजोबांनी आणि प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून साद द्यायची ती सर्वांनी. त्या गाऱ्हाण्यात घरच्या माणसांची, गुराढोरांची, शेताची, मुंबईत अडकून पडलेल्यांची, इतकेच काय, भांडून वेगळ्या झालेल्या भावकीचीही खुशाली मागितली जाई.

या काळातील एक प्रसंग त्या मुलाच्या मनात काट्यासारखा रुतून राहिला. घरात नवी सून आली की गौरीच्या दिवशी तिचा ओवसा असतो. नव्या सुपांत पाने, फळे आणि वाण मांडून ती सुपे गौरीपुढे ओवाळायची आणि मग वडीलधाऱ्यांना द्यायची. या विधीला नवी कोरी सुपे लागतात. ती विणणारी कुटुंबे गावाच्या कडेला राहत. त्यातील एक म्हातारी दरवर्षी सुपे आणि रोवळ्या घेऊन येई. लहानथोर सारे तिला ‘आये’ म्हणत. तिला धान्य मिळे, नारळ मिळे, करंज्याही मिळत. पण सारे अंगणात. सूप उंबरठा ओलांडून थेट गौरीपुढे जाई. ते विणणारी मात्र पागोळ्यांखाली उभी राही.

एका वर्षी मुलाने आजीला विचारले, ‘सूप आत आले, मग आये का नाही येत?’ आजीने त्याला दटावले नाही आणि उत्तरही दिले नाही. ती सारण ढवळीत राहिली. आपल्या प्रश्नाला घरात उत्तर नाही, हे मुलाला त्या दिवशी प्रथम कळले.

बंधू-भगिनींनो, सणांचे गोडवे गाताना हा प्रसंग वगळता येत नाही. जी परंपरा झाडावरचे शेवटचे फळ राखण्याइतकी हळवी होती, तिने माणसाला अंगणात उभे केले, हेही तितकेच खरे. परंपरेवर प्रेम करणाऱ्यानेच हे आधी बोलले पाहिजे.

याच रत्नागिरी जिल्ह्यात, सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, सावरकर १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध होते. राजकारणाची बंदी असताना त्यांनी समाजकारण हाती घेतले आणि त्यासाठी सणांचीच वाट निवडली. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटायला सर्व जातींच्या लोकांना बरोबर घेऊन ते घरोघरी जात. त्यांनी अखिल हिंदू गणेशोत्सव सुरू केला, सहभोजने घडवून आणली. भागोजीशेठ कीर यांच्या दानातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झाले. सण हा माणसे जोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे त्यांनी ओळखले होते. परंतु जिल्ह्याच्या गावी पेटलेला दिवा प्रत्येक खेड्यातील प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला पुढे कित्येक दशके लागली. काही उंबरठ्यांना तर तो स्वतःच लावावा लागला.

त्या घराच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचे वर्ष १९८२ चे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. दिवस गेले, महिने गेले, पगार बंद, आणि गिरणगावातील कोकणी माणूस हळूहळू गावाकडे परतू लागला. त्या मुलाचे वडीलही उन्हाळ्यात घरी आले. एरवी येताना ट्रंक भरून कपडे, खाऊ, फटाके आणणारा माणूस त्या वर्षी हातात एक पिशवी घेऊन एस.टी.तून उतरला.

भाद्रपद जवळ आला. वर्षानुवर्षे गणपतीचा रोख खर्च या धाकट्या भावाच्या पैशातून होत असे. त्या वर्षी त्याच्याकडे काही नव्हते. तो कोणाच्या नजरेला नजर देईना. दीड दिवसाचा गणपती आणावा आणि आटोपते घ्यावे, असा विचार त्याने आडून आडून बोलून दाखविला. आजोबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘पैसे नाहीत, पण हात आहेत ना? दरवर्षी जेवढे दिवस बसतो तेवढे दिवस बसेल.’

मग ते घर हातांवर उभे राहिले. पाट घेऊन आजोबा मूर्तिकाराकडे गेले आणि यंदा पैशांऐवजी भात घ्यावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मूर्तिकाराने पाट उचलून आत ठेवला आणि एवढेच म्हटले की, पाट आला म्हणजे मूर्ती होणारच. भिंतीला विकतचा रंग आला नाही. गेरू आणि चुना यांवर भागले. भजनी मंडळींना उसळीबरोबर पाव देता आले नाहीत. घरच्या तांदळाच्या घावनांवर मंडळी तृप्त झाली. आणि माटवी? रान पैसे मागत नाही. अकरा वर्षांचा तो मुलगा, काका आणि पहिल्यांदाच रानात आलेले त्याचे वडील, असे तिघे पहाटे निघाले ते दुपारी भिजून परतले. जाणत्यांच्या मते त्या घरात तेवढी भरगच्च माटवी त्याआधी कधी बांधली गेली नव्हती.

मूर्ती आणण्याची वेळ आली. मोठ्या काकांनी डोक्याला मुंडासे गुंडाळले, मग ते सोडले आणि धाकट्या भावाच्या डोक्याला बांधले. म्हणाले, ‘यंदा तू आण.’ गेली वीस वर्षे पैसे पाठविणाऱ्या त्या माणसाने घरचा देव कधी डोक्यावर घेतला नव्हता. मेरेवरून तो चालला तेव्हा पाऊस होता. त्यामुळे त्याच्या डोळ्यांतून काय वाहते आहे ते कोणाला दिसले नाही. मुलाला मात्र दिसले. पुढे घंटा वाजवीत चालणाऱ्या लहान भावंडाला वाट दाखविताना तो वळून वळून मागे पाहत होता.

पुढे तो संप औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, अनेकांचे रोजगार कायमचे गेले. त्या मुलाचे वडीलही गिरणीत परतले नाहीत. भावाबरोबर शेतात उभे राहिले. माणसे त्या आघाताने खचली, व्यसनी झाली, घरे मोडली, याची उदाहरणे त्या काळात थोडी नव्हती. हे घर मोडले नाही. कारण मिळकत थांबली त्याच वर्षी त्या घराने आपल्या माणसाला सर्वांत मोठे काम दिले होते. ‘तुझा पैसा नसला तरी तुझी जागा आहे,’ हे त्याला कोणी शब्दांत सांगितले नाही; डोक्यावर मूर्ती ठेवून सांगितले. कुटुंबव्यवस्थेचे बळ कशात आहे, असे कोणी विचारले तर याहून वेगळे उत्तर देता येणार नाही.

मुलगा तरुण झाला आणि तोही मुंबईस नोकरीला लागला. १९९२ च्या गणपतीत थोरल्या चुलतभावाच्या पत्नीचा पहिला ओवसा होता. सुपे आणण्याचे काम या तरुणाकडे आले. तो म्हातारीच्या घरी गेला आणि बारा-तेरा वर्षे मनात साठलेले एका दमात बोलून गेला, ‘आये, या वर्षी सुपे घेऊन तू घरात ये. गौरीपुढे तूच ठेव.’

म्हातारी हसली. तिने विणणे थांबविले नाही. म्हणाली, ‘देवाक भेटूक बोलवतंस, आमच्या घराक कधी येतलंस?’

तरुणाच्या लक्षात आले की, बोलताना तो तिच्या दाराबाहेरच उभा होता. आमंत्रण देण्याचा मोठेपणा त्याला सुचला होता. आत पाऊल टाकण्याचे मात्र सुचले नव्हते. तो आत गेला, चटईवर बसला, गुळाचा कोरा चहा प्याला. मग दोघे मिळून सुपे घेऊन निघाले.

घरी काय घडेल याची त्याला धास्ती होती. ओटीवर भावकीतील मंडळी बसली होती. आजी बाहेर आली. आता ती ऐंशीच्या घरात होती. तिने क्षणभर दोघांकडे पाहिले, पुढे होऊन म्हातारीचा हात धरला आणि तिला उंबरठ्याच्या आत घेतले. नातवाच्या लहानपणच्या प्रश्नाचे उत्तर तिने असे दिले. भावकीतील दोघे जण त्या संध्याकाळी आरतीला आले नाहीत, पुढची दोन वर्षेही आले नाहीत. घराने त्यांच्याशी वाद घातला नाही आणि पाऊलही मागे घेतले नाही. गाऱ्हाण्यात त्यांची खुशाली पूर्वीप्रमाणेच मागितली जात राहिली. तिसऱ्या वर्षी ते आले आणि म्हातारीच्या शेजारी उभे राहून त्यांनीही ‘व्हय म्हाराजा!’ म्हटले.

समरसतेवर भाषणे पुष्कळ होतात. समरसता ही वरून खाली दिलेली देणगी नव्हे, ती दोन्ही उंबरठे ओलांडून यावी लागते, हा धडा त्या तरुणाला एका निरक्षर वृद्धेने चहाच्या कपाबरोबर दिला.

काळ बदलला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि रात्रभर एस.टी.त आखडून जाण्याचा त्रास कमी झाला. आजोबा-आजी गेले, आई-वडील गेले. तरुण गृहस्थ झाला, त्याला मुलगा झाला. प्रवास सोपा झाला, परंतु गावातील मुक्काम आखूड झाला. चतुर्थीला सकाळी पोहोचावे, तयार माटवीखाली तयार मूर्तीचे दर्शन घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि दोन दिवसांत परतीची गाडी धरावी. मोठे काका सारे करून ठेवीत. या गृहस्थाचा मुलगा दरवर्षी गणपतीला गावी गेला. पण त्याला तेथे काम असे काही मिळालेच नाही. त्याने सण पाहिला, केला नाही. वडिलांनी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या की तो सौजन्याने ऐकून घेई. त्याचा दोष नव्हता. दुसऱ्याच्या आठवणी वारशात मिळत नाहीत.

आणि २०२० उजाडले. कोरोनाच्या साथीत गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना आधी विलगीकरणात राहावे लागणार होते. अनेकांनी त्या वर्षी मुंबईतूनच हात जोडले. या गृहस्थाने मात्र पत्नी आणि मुलासह ऑगस्टच्या प्रारंभीच गाव गाठले. विलगीकरणासाठी त्यांना परसातील जुने खोपटे मिळाले. सतरा वर्षांचा मुलगा खिडकीतून पाहत असे. वयाची ऐंशी गाठलेले मोठे काका एकटेच माटवीची चौकट धुवीत होते, एकटेच दोर वळीत होते. ज्या घरात एकेकाळी प्रत्येक कामाला दोन हात पुढे येत, तेथे सगळ्या कामांना मिळून दोनच हात उरले होते, आणि तेही थरथरणारे.

विलगीकरण संपले त्या दिवशी मुलगा स्वतःहून आजोबांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, ‘रानात मी येतो.’ चुलत आजोबांनी त्याला नेले. फरक इतकाच की, आता वाटा नातवाने तोडायच्या आणि बोट आजोबांनी दाखवायचे. हे कवंडळ, ही शेरवड, हे कांगणीचे घोस. मुलाने वहीत नावे लिहून घेतली, पुढे चित्रे काढली. एका झाडाचे सारेच घोस तो काढू लागला तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. कारण सांगण्याची पाळी या वेळी मुलाचे वडील असलेल्या गृहस्थावर आली. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलेले वाक्य त्याने जसेच्या तसे उच्चारले, ‘पुढच्या वर्षी गणपती येणार आहे ना?’

२०२३ च्या चतुर्थीला मोठे काका नव्हते. घर गावी एकत्र आले तेव्हा सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो कोणी बोलत नव्हते. आदल्या दिवशी पहाटे वीस वर्षांचा तो मुलगा वही आणि कोयता घेऊन ओटीवर आला. पायरीवर त्याच्या चुलतभावाची सात वर्षांची मुलगी बसली होती. तो तिला म्हणाला, ‘चल. तेरडा तू निवडायचा.’ ती मुलगी आदल्या रात्री झोपली होती की नाही, हे तिच्या आईलाच ठाऊक.

उत्सवाचे बाह्य रूप दिवसेंदिवस भव्य होत आहे. राज्य शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु शासनाने दर्जा दिला तरी घरातील माटवी शासन बांधणार नाही. रोषणाई भाड्याने मिळते, मोदक विकत मिळतात, आरती ध्वनिमुद्रित मिळते. विकत मिळत नाही ती एकच गोष्ट: लहान मुलाला मिळालेले काम आणि त्या कामातून त्याला कळलेली आपली जागा. बालपणीची आठवण डोळ्यांनी पाहिलेल्याची फारशी टिकत नाही. हातांनी केलेल्याची टिकते. संस्कार, संस्कार म्हणून ज्याचा उच्चार होतो, तो हातांतून मनात जातो.

म्हणून श्रोत्यांकडे मागणे आहे ते दोन छोट्या गोष्टींचे. यंदा घरात गणपती येईल तेव्हा प्रत्येक मुलाला एक काम नेमून द्यावे. खरे काम, ज्यावाचून सण अडेल असे. ते चुकले तरी मोठ्यांनी हातातून काढून घेऊ नये. आणि ज्या हातांच्या कष्टाने सण उभा राहतो, मूर्ती घडविणारे, सुपे विणणारे, फुले आणून देणारे, अंगण झाडणारे, त्यांच्यापैकी एका तरी घरी चतुर्थीच्या आधी जाऊन चटईवर बसून चहा प्यावा. मग त्यांना आरतीचे आमंत्रण द्यावे.

माटवी रिकामी असते तेव्हा ती नुसती चार फळ्यांची चौकट असते. एकेकाने आणून बांधले की ती भरते. हिंदू कुटुंबाचे आणि हिंदू समाजाचेही तसेच आहे. कोणाचा हात रिकामा राहू नये आणि कोणी अंगणात उभे राहू नये, एवढे साधले तर पुढच्या वर्षी गणपती येईल तेव्हा त्याला घर ओळखीचे वाटेल.

गणपती बाप्पा मोरया!